सांगायला आलेला माणूस

फोनवर सांगून मोकळा झाला असता, तर पोपटशेटच्या अंगाला कुणाचं बोटही लागलं नसतं. पण तो जुन्या वळणाचा माणूस. ज्यांच्या लेकीचं लग्न उद्या आपल्या अंगणात लागायचं, त्यांना असली बातमी फोनवर कशी द्यायची, म्हणून त्यानं स्कूटर काढली आणि मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी साडेदहाला तो कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत येऊन उतरला.

गल्लीत मांडव पडला होता. घरांच्या दोन ओळींमध्ये पिवळं कापड ताणलेलं, खाली सतरंज्या, कोपऱ्यात स्पीकरवर हळदीची गाणी. मुक्ताबाईनं मुसळाला आंब्याची डहाळी आणि हळकुंड बांधलं होतं आणि पाच सवाष्णी घाणा भरायला बसल्या होत्या. तिची लेक प्रियदर्शिनी पाटावर होती. गालांना, हातांना, पावलांना हळद. नेरूळच्या एका हॉस्पिटलात ती नर्स होती, आणि सलग ड्यूट्या करून सुट्टी साठवल्यामुळं बसल्या बसल्या पेंगत होती. बायका तिला चिडवत होत्या.

पोपटशेटला मुक्ताबाईनं लांबूनच ओळखलं. घणसोलीच्या खाडीकडं त्याचं लॉन होतं, बायकोच्या नावावरून ठेवलेलं, जाई लॉन. जागा बघायला गेले तेव्हा त्यानं स्वतः शहाळी फोडून दिली होती आणि म्हणाला होता, "आये, तुजी पोर ती माजी पोर. टेन्शन घेव नको." आज त्याच्या शर्टावर सिमेंटची धूळ होती आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही भान नव्हतं.

"दादा कुटं हायेत?" त्यानं विचारलं.

मुक्ताबाईचा नवरा बाबासो घराच्या पायरीवर बसला होता. एका बाजूला मुलगा रणजीत, दुसऱ्या बाजूला कालच साताऱ्याहून आलेला धाकटा भाऊ किसन. पोपटशेट समोर जाऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"दादा, लॉन तोडलं. पालिकेवाल्यांनी सकाली सातला दोन जेसीबी आनलं. स्टेज, गेट, भटारखाना, काय नाय ठेवलं."

बाबासोला आधी नीट कळलंच नाही. "कुणाचं लॉन?"

"आपलं. जागेचा वाद होता जुना. मी वकील लावला होता. वाटलं, स्टे मिलल, तवर ह्या तारखा निघून जातील."

"नोटीस कवा आली हुती?"

इथं तो खोटं बोलला असता तरी कुणाला कळणार नव्हतं. पोपटशेट म्हणाला, "पंधरा दिस झालं, दादा. माजं चुकलं."

बाबासो उठला आणि त्यानं एक थप्पड दिली. पोपटशेट हेल्मेटसकट आडवा झाला.

बाबासोच्या हाताबद्दल वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षं त्यानं वाशीच्या बाजारात कांद्याची पोती वाहिली होती. तो हात पडला की समोरचा उभा राहत नसे. रणजीत दोन वर्षांचा असताना तो हात असाच एकदा तिच्यावर पडला आणि मुक्ताबाईचा डावा कान कायमचा गेला. डॉक्टरला तिनं सांगितलं होतं, न्हाणीत पाय घसरला. पुढं नवऱ्यानं दारू सोडली, पण हात काही सुटला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मनानं लई चांगलं हायेत, हात तेवढा सैल हाय." लेकीवर मात्र त्यानं कधी बोट उगारलं नव्हतं. त्या एका गोष्टीवर मुक्ताबाईनं एकतीस वर्षांचा संसार तोलून धरला होता.

मांडवात कुणीतरी गाणं बंद केलं. बाबासो ओरडला, "गानं कशाला बंद? हळद चालू ठिवा! आमी बघतो काय ते."

गाणं पुन्हा लागलं. रणजीत आणि किसननं पोपटशेटला काखेत धरून उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

मुक्ताबाईला वाटलं, चार थपडा देतील आणि सोडतील. पुरुषमाणसं आहेत, पोरीचं लग्न मोडायची वेळ आली आहे, डोकं फिरणारच. ती घाण्याशी जाऊन बसली. बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या, म्हणून तिनं स्वतःच ओवी धरली. उजव्या कानाला आतलं थोडं थोडं येत होतं. आधी आवाज चढले, मग खाली आले. मग एकसारखं, थांबून थांबून, ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसं काहीतरी. दर दोन-तीन मिनिटांनी एकदा.

अर्ध्या तासानं कडी निघाली. दाराच्या फटीतून बाबासो म्हणाला, "पानी आन."

तांब्या-भांडं घेऊन ती आत गेली. त्या खोलीत लग्नाचं सामान होतं. तांदळाची पोती, लाडवांचे डबे, लेकीच्या नव्या गाद्या. पोपटशेटला एका पोत्यावर बसवलं होतं. त्याचा मोबाइल स्पीकरवर लावून मांडीवर ठेवला होता आणि तो एकामागून एक ओळखीच्या हॉलवाल्यांना फोन करत होता. ऐरोली, रबाळे, घणसोली, पार तळोज्यापर्यंत. उद्याचा दिवस, कुठलाही हॉल, कितीही लहान. मे महिन्यातला रविवार, मुहूर्ताची तारीख. पलीकडून कुणी हसत होतं, कुणी "शेट, येडा झालास का?" म्हणत होतं. फोन कट झाला की बाबासो एक ठेवून देत होता. एक 'नाही', एक फटका. असंच चाललं होतं.

मुक्ताबाईच्या समोरच सातवा की आठवा 'नाही' आला. ह्या वेळी किसननं पोटात लाथ घातली. पोपटशेट पुढं वाकला, तेव्हा रणजीतनं केसांना धरून त्याला सरळ केलं. रणजीतच्या दुसऱ्या हातात बापाचा हूक होता, पोतं ओढायचा, लाकडी मुठीचा. त्याचं टोक पोपटशेटच्या मांडीत रुतलं होतं आणि पँटवरचा डाग गुडघ्यापर्यंत उतरला होता. त्याचा एक डोळा मिटला होता. डाव्या हाताची दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती. फरशीवर दात पडला होता, मुळासकट.

"आये," तो म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते. "सांग ना ग ह्यांना."

मुक्ताबाईनं भांडं त्याच्या ओठांना लावलं. पाणी आत गेलं नाही. लाल होऊन हनुवटीवरून खाली आलं, तिच्या पदरावर पडलं.

"झालं?" बाबासो म्हणाला. "जा आता. पोरीची हळद वाळतीया."

आणि ती बाहेर आली.

कडी पुन्हा बसली. ती जागेवर जाऊन बसली, पण ओवी आठवेना. दुसरी एक बाई गाऊ लागली. आतून पुन्हा तो आवाज आला, आणि ह्या वेळी त्याच्यामागून एक लांब, घोगरा, जनावरासारखा आवाज.

प्रियदर्शिनीची झोप उडाली. तिनं आईकडं पाहिलं.

"आई, तुझ्या पदराला काय लागलंय?"

"कुंकू सांडलं ग."

"आई, मी रोज रक्त बघते."

ती पाटावरून उठली. हळदीची पावलं सतरंजीवर उमटवत दाराशी गेली आणि दोन्ही तळव्यांनी दार बडवू लागली. बायका "अगं, पाट सोडू नये" म्हणत राहिल्या. बाबासोनं दार अर्धवट उघडलं आणि अंगानं वाट अडवली.

"पिया, हितं यायचं न्हाई. बस जा."

"आबा, आत कोण आहे?"

"कुनी न्हाई. तुज्या लग्नाचंच बघतोय."

"त्याचा श्वास ऐकू येतोय मला इथपर्यंत. छाती भरलीय त्याची. बाजूला व्हा."

"तुज्यासाठी चाललंय ह्ये सगळं! तुज्यासाठी!"

"मी सांगितलं होतं?" ती त्याच्या हाताखालून आत घुसू लागली. बाबासोनं तिची वेणी धरली, मागं ओढली, आणि उजवा हात वर नेला.

मुसळ मुक्ताबाईच्या हातात कधी आलं ते तिला आजही सांगता येत नाही. दहा पावलांचं अंतर होतं. ते तिनं कसं तोडलं तेही आठवत नाही. पुढं वसाहतीत सगळे म्हणू लागले, मुक्ताबाईनं नवऱ्याचा हात मोडला. खरं तसं नाही. तिनं डोक्याचा नेम धरून घाव घातला होता. त्यानं हात आडवा घातला, म्हणून हात मोडला.

हाड मोडल्याचा आवाज गाण्यातूनही सगळ्यांना ऐकू आला. बाबासो ओरडला नाही. कोपराखाली भलतीकडंच वाकलेल्या हाताकडं तो बघत राहिला. तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. तिसरा पाठीवर. मुसळाची आंब्याची पानं सुटून त्याच्या अंगावर पडली. ती काहीतरी ओरडत होती, काय ते तिलाच ऐकू येत नव्हतं. चौथ्यांदा मुसळ वर गेलं तेव्हा आतून रणजीत हूक घेऊन धावत आला.

"आई! येड लागलं का तुला?"

ती त्याच्याकडं वळली. मुसळ तसंच वर होतं.

"टाक त्यो."

"आई, आबांना..."

"टाक, न्हाईतर तुजंबी टाळकं फोडीन."

रणजीतनं आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि हूक खाली टाकला. किसन भिंतीला चिकटून उभा होता. दोन बायकांनी मागून मुक्ताबाईला मिठी मारली, तेव्हा कुठं मुसळ खाली आलं.

प्रियदर्शिनी तोवर आत पोचली होती. तिनं पोपटशेटला जमिनीवर आडवा केला, नवी चादर फाडून मांडीला बांधली, पोटावर हात दाबून पाहिला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. "आत रक्त वाहतंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी ड्यूटीवरचा होता. "ॲम्ब्युलन्स बोलवा. कुणीतरी गाणं बंद करा आता."

ॲम्ब्युलन्समध्ये ती त्याच्या डोक्याशी बसली, हळदीच्या पिवळ्या साडीत. पायाशी मुक्ताबाई बसली. बापाकडं लेकीनं वळून पाहिलं नाही. त्याला शेजाऱ्यांनी रिक्षातून नेलं.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरनं आधी नवरीकडं पाहिलं, मग पेशंटकडं. "कसं झालं?"

मागून धावत आलेला किसन म्हणाला, "स्कूटरवरनं पडला."

"मारहाण," प्रियदर्शिनी म्हणाली. "माझे वडील, भाऊ आणि हे. पोलीस केस लिहा."

पोपटशेटची पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, तीन बरगड्या मोडल्या होत्या. दुपारी दोनला त्याला ऑपरेशनला घेतलं. बाहेरच्या बाकावर दोघी मायलेकी बसून राहिल्या. चारच्या सुमारास कामोठ्याहून नवऱ्यामुलाच्या वडिलांचा फोन आला. मुक्ताबाईनं उजव्या कानाला लावला.

"विहीणबाई, झालं ते ऐकलं. बाबासोरावांनी बापाला शोभेल असंच केलं, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. हॉलचीही काळजी सोडा. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडव घालतो, मुहूर्त चुकायचा नाही. फक्त तो माणूस स्कूटरवरून पडला, एवढंच सगळ्यांनी एका तोंडानं म्हणायचं. जेलमधल्या माणसाची पोर आम्हाला घरात आणता यायची नाही."

मुक्ताबाईनं सगळं लेकीला सांगितलं. "तू डाक्टरला सांगितलंस ते फिरवता येतं म्हनं, घाबरून बोलले म्हनून. पोलीस माजा जबाब घ्यायला बोलवत्यात. काय सांगू?"

प्रियदर्शिनी हाताच्या मेंदीकडं बघत होती. मेंदीवर रक्त वाळलं होतं. "तू काय पाहिलंस ते सांग."

"लगीन मोडंल."

"मोडू दे."

पोलीस ठाण्यात एका बाई अधिकाऱ्यानं जबाब घेतला. मुक्ताबाईनं काही लपवलं नाही. कोणी कुठं मारलं, कोणाच्या हातात काय होतं, स्वतः मुसळ कसं घातलं, सगळं सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, "आत मारहाण चालू होती तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"पानी द्यायला आत गेले हुते. त्यानं मला आई म्हनून हाक मारली. मी त्याला बघितलं आन भाईर आले. भाईर बसले."

बाईंचा हात थांबला. "हे लिहायचं का?"

"लिव्हा."

रविवारी दुपारी बारा एकवीसचा मुहूर्त होता. त्या वेळी पोपटशेट आयसीयूत नळ्या लावून पडला होता, बाबासो हाताला प्लास्टर घालून पोलिसांच्या पहाऱ्यात होता, आणि रणजीत आणि किसन कोठडीत होते. प्रियदर्शिनी घरी न्हाणीत बसून काथ्यानं अंगाची हळद घासून काढत होती. निघत नव्हती. मुक्ताबाईनं बाहेरून घड्याळात बारा एकवीस झालेले पाहिले, बावीसही झालेले पाहिले. कामोठ्याहून फोन आला नाही. नवऱ्यामुलाचा, धैर्यशीलचाही नाही.

अकराव्या दिवशी पोपटशेटला साध्या वॉर्डात हलवलं. मुक्ताबाई भेटायला गेली. वॉर्डाच्या दाराशी त्याची बायको जाई उभी होती. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. तिनं हात आडवा धरला.

"आत जायाचं नाय."

"माफी मागायची हुती, बाय."

"तुजा नवरा मारीत होता, तो त्याचा सभाव. तू आलीस. बगलंस. पानी पाजलंस आनि निंगून गेलीस." जाईचा आवाज चढला नाही. "तो तापात बी तुलाच हाका मारतो. आये, आये म्हनून. जा तू. परत येव नको."

मुक्ताबाई जिना उतरून खाली आली आणि स्टँडच्या कट्ट्यावर बसली. तीन बस गेल्या. जाईच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्याच्यावर काही करण्यासारखंही नव्हतं. पुन्हा ती गेली नाही.

त्याच आठवड्यात धैर्यशील आला. न्हावा शेवाला कस्टमच्या कागदपत्रांचं काम करायचा, शांत मुलगा. दारात उभा राहून म्हणाला, "मी इतके दिवस आलो नाही. घाबरलो होतो, वडिलांना." प्रियदर्शिनीनं त्याला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुझ्या आईनं खरंच तुझ्या बाबांचा हात मोडला?"

"हो. का?"

"माझ्या आईला तुझ्या आईला भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई आली. वैदेहीताई. बोलणी करताना चार वेळा भेट झाली होती, पण तेव्हा त्या नवऱ्यामागं बसून हसत असायच्या, आवाज कधी ऐकला नव्हता. चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"रागवू नका, एक विचारते," त्या म्हणाल्या. "भीती नाही वाटली?"

"तवा न्हाई वाटली. आता वाटती. रोज वाटती. जामिनावर सुटल्यावर काय, म्हनून."

"मग?"

"मग काय. आदीबी भीतच हुते की. एकतीस वरसं. तवा मार खाऊन भीत हुते, आता न खाता भिते."

वैदेहीताई ह्यावर हसल्या. मग त्यांनी बाही वर केली आणि दंड दाखवला. मुक्ताबाईनं पाहिलं. जुने वळ होते, नवेही होते. तिनं निवलेला चहा नेऊन पुन्हा गरम करून आणला.

दीड महिन्यानं तिघांना जामीन मिळाला. नवी मुंबईत पाऊल ठेवायचं नाही ह्या अटीवर. तिघंही गावी गेले. बाबासोचा हात जुळला, पण वाकडा जुळला. मूठ वळत नाही म्हणे. त्यानं निरोप पाठवला की मुक्ती मला मेली. रणजीतचा फोन आला.

"आई, खरं सांग. माज्यावरबी घाव घातला असतास?"

"व्हय."

त्यानं फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा केला. जेवलीस का विचारलं.

जुलैत, रजिस्टर ऑफिसात, धैर्यशील आणि प्रियदर्शिनीचं लग्न लागलं. तीन साक्षीदार लागतात. मुक्ताबाई, वैदेहीताई आणि हॉस्पिटलमधली मैत्रीण नमिता. हारसुद्धा नमितानंच आणले होते, येता येता एक विसरली, म्हणून दोघांनी एकच हार एकमेकांच्या गळ्यात घातला. धैर्यशीलचे वडील आले नाहीत. पहिल्या कागदावर वैदेहीताईंची सही बिघडली, तेव्हा कारकुनानं दुसरा कागद दिला.

संध्याकाळी नवरा-नवरी तुर्भ्याला घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर गेले. वैदेहीताई कामोठ्याला गेल्या नाहीत. सकाळी घरातून निघतानाच त्यांनी पिशवीत चार साड्या आणि औषधं भरून घेतली होती. ती पिशवी घेऊन त्या मुक्ताबाईच्या मागं चालत कोपरखैरण्याला आल्या आणि मागच्या खोलीत झोपल्या. फरशी तिथली घासून स्वच्छ केली होती.

त्यांचा नवरा तिसऱ्या दिवशी आला. दार बडवलं, शिव्या दिल्या, बाहेर काढून हातपाय तोडीन म्हणाला. वसाहतीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. आत वैदेहीताई पलंगाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुक्ताबाई त्यांच्याजवळ बसली, उजवा कान दाराकडं करून. तिनं उठून कडी काढली नाही. तो थकून निघून गेला. पुढच्या रविवारी तो परत आला, तेव्हाही तिनं काढली नाही.